पिशवीचं पॅराशूट एवढं झुलतं का? आणि खरं पॅराशूट कसं चालतं?

रानजाई (नाशिक)

नमस्कार मंडळी. लेकीच्या शाळेत पुढच्या शनिवारी विज्ञान प्रदर्शन आहे. ती सातवीत आहे आणि तिने पॅराशूट हा विषय घेतलाय. हा शब्द तिला लहानपणी खोबरेल तेलाच्या निळ्या बाटलीमुळे माहीत झाला, खरी वस्तू काय असते ते माझ्या वडिलांनी सांगितलं. ते अजून 'हवाई छत्री' म्हणतात आणि ७१ च्या लढाईत छत्रीधारी सैनिक कसे उतरले ते सांगत बसतात. तिथून हे खूळ डोक्यात शिरलं.

आम्ही कचऱ्याची काळी पिशवी कापून ४५ सेंटिमीटर व्यासाचा गोल केला. काठाला चिकटपट्टी लावून आठ भोकं पाडली, आठ दोरे बांधले, प्रत्येक ३० सेंटिमीटरचा. खाली शिवणाचं रिकामं रीळ, त्यात वाळू. सगळं मिळून वजन ३० ग्रॅम. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सोडलं, सुतळी सोडून उंची मोजली तर ९ मीटर भरली. तिचे बाबा खाली पार्किंगमध्ये मोबाइल घेऊन वेळ मोजत उभे.

दहा वेळा सोडलं आणि वहीत लिहून ठेवलं. चार वेळा उघडलंच नाही, दगडासारखं आलं. सहा वेळा उघडलं आणि खाली यायला चार सेकंदांच्या आसपास लागले. पण उघडलं की घड्याळाच्या लंबकासारखं हेलकावे खातं, दोनदा तर शेजारच्या गुलमोहरात जाऊन अडकलं.

तिला विचारायचंय की ते झुलतं का, कधी उघडतं आणि कधी नाही हे कशावर ठरतं, आणि खरा माणूस जेव्हा उडी मारतो तेव्हा तो हे सगळं कसं सांभाळतो. पाठ केलेलं बोलायचं नाही, समजलेलंच बोलायचं, असं तिच्या बाईंनी सांगितलंय. कोणी अनुभवाचं सांगू शकेल का?

भौतिकवाला (सांगली)

आकडे चांगले घेतलेत, म्हणून आकड्यांपुरतंच बोलतो.

पॅराशूट हवेत तरंगत नाही, पडतच असतं. फक्त त्याचा वेग वाढायचा थांबतो. वस्तू पडायला लागली की वेग वाढतो, वेग वाढला की हवेचा विरोध वाढतो, आणि हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. विरोध वजनाइतका झाला की वेग तिथेच स्थिर होतो. त्याला अंतिम वेग म्हणायचं. पोटावर आडवा पडणारा माणूस छत्री न उघडता ताशी २०० किलोमीटरच्या आसपास जातो. सामानासकट १०० किलोचा माणूस ९ मीटर व्यासाच्या गोल छत्रीखाली असेल तर हाच वेग सेकंदाला सहा मीटरच्या जवळ येतो, म्हणजे ताशी एकवीस-बावीस.

तुमच्या पिशवीचं गणित मी करून पाहिलं. सेकंदाला साधारण दोन मीटर येतात, म्हणजे ९ मीटरला साडेचार सेकंद. तुमचे चार आले, हे फारच जवळ आहे. नुसतं रीळ सोडाल तर १.४ सेकंदात खाली येईल. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले तरी अर्धं प्रदर्शन झालं.

मुलं एक चूक नेहमी करतात. त्यांना वाटतं कापड दुप्पट केलं की वेग निम्मा. तसं होत नाही. वेग निम्मा करायला क्षेत्रफळ चौपट लागतं, म्हणजे व्यास दुप्पट. हे कापून दाखवण्यापेक्षा उलट दाखवणं सोपं: रिळात वाळू वाढवून एकूण वजन १२० ग्रॅम करा, वेग दुपटीच्या जवळ जाईल. झुलण्याचं आणि न उघडण्याचं कोणीतरी जाणकार सांगेल, ते माझ्या पुस्तकातलं नाही.

खडकीचा सॅपर (ता. कोरेगाव, सातारा)

ताई, पोरीनं दहा वेळा सोडून वहीत लिहून ठेवलं हे वाचलं आणि लिहायला बसलो. मी १९८६ साली खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर दलात, भरती झालो, तिथून स्वतः नाव देऊन पॅरामध्ये, म्हणजे छत्रीधारी सैनिकांत, गेलो. आता निवृत्त हवालदार, घरची शेती बघतो. छत्री शिवणारा किंवा तिचं गणित मांडणारा मी नाही. तिच्याखाली लटकलेला माणूस आहे, तर लटकलेल्या माणसाला जे कळतं ते सांगतो.

तिचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण माझ्या मते सगळं तिथंच आहे. तुम्ही पिशवी गॅलरीतून सोडताना हातात कशी धरता? माझा अंदाज असा की कधी मधोमध चिमटीत धरून सोडता आणि कधी चुरगाळून, दोरे भोवती गुंडाळून, चेंडूसारखी फेकता. चिमटीत धरलेली उघडत असणार आणि गुंडाळलेली पडत असणार. वहीत हे लिहिलं नसेल तर आता परत दहा वेळा सोडा आणि प्रत्येक वेळी 'कशी धरली' हा रकाना भरा.

छत्रीचं काम पडताना सुरू होत नाही. ते घडी घालताना सुरू होतं. आग्र्याला, जिथं हवाई दलाची पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूल आहे, तिथं घडी घालायची जागा मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला एखाद्या लांबलचक शिंप्याच्या दुकानात आल्यासारखं वाटलं होतं. पंगतीच्या पाटांसारखी एकापुढं एक लावलेली लांब टेबलं. त्यावर छत्री पूर्ण लांब ओढून ताणायची, वरच्या टोकापासून दोऱ्यांच्या शेवटापर्यंत. छत्री एका कापडाची नसते, परकराला घालतात तशा कळ्या जोडलेल्या असतात. एकेक कळी उलगडून, हवा काढून, एकावर एक बसवायची. अर्ध्या या बाजूला, अर्ध्या त्या बाजूला. घडी हलू नये म्हणून वर छऱ्यांनी भरलेल्या लांबट पिशव्या ठेवायच्या. मग दोरे. ते नागमोडी करत पिशवीच्या वळशांत एकेक अडकवायचे, म्हणजे बाहेर येताना ज्या क्रमानं आत गेले त्याच्या उलट क्रमानं, एकाही गाठीशिवाय येतील. काम संपलं की कार्डावर तारीख आणि सही. ते कार्ड छत्रीबरोबरच राहतं.

उडीच्या दिवशी आम्ही रांगेत जायचो आणि समोर येईल ती छत्री घ्यायचो. निवडानिवड नाही. कार्डावरची सही मला कधी वाचता आली नाही. माझ्या चाळीसवर उड्यांत ज्यांनी ज्यांनी घडी घातली त्यातल्या एकाचंही तोंड मी बघितलेलं नाही, आणि त्यांच्या हातावर मी आज नातवंडं खेळवतोय. पोरीला सांगा, प्रदर्शनात पॅराशूट कोणी शोधलं हे तर सांगच, पण घडी घालणाऱ्याचंही सांग.

आता उघडतं कसं. सैन्याच्या गोल छत्रीला बहुतेक वेळा हातानं ओढायची कळ नसते. पाठीवरच्या पिशवीला एक मजबूत पट्टा असतो, त्याला आम्ही स्ट्रॉप म्हणायचो. त्याचं टोक विमानात डोक्यावरून गेलेल्या तारेला अडकवायचं. उडी मारली की पट्टा ताणला जातो आणि पाठीवरची पिशवी खेचून घेतो. आधी दोरे बाहेर येतात, सगळे लांब होतात, मग कापड लांब होतं, आणि सगळ्यात शेवटी छत्रीच्या टोकाला पट्ट्याशी बांधलेला कच्चा दोरा तुटतो. तेव्हा ती हवेनं भरते. आधी दोरे आणि मग कापड, या क्रमाला फार अर्थ आहे. कापड आधी भरलं तर दोरे ताणले जाताना माणसाला जबर हिसका बसेल. हे सगळं तीन-चार सेकंदांत होतं. रिकाम्या पिशव्या आणि पट्टे विमानाच्या दाराबाहेर फडफडत राहतात, ते नंतर आत ओढून घेतात.

माझी पहिली उडी १९८८ च्या हिवाळ्यात, मलपुऱ्याच्या मैदानावर, एएन-३२ विमानातून. मलपुरा आग्र्याच्या बाहेर आहे, सगळ्या पॅरावाल्यांना ते नाव पाठ. आधीचे कितीतरी दिवस जमिनीवर तालीम झालेली: विमानाच्या लाकडी सांगाड्यातून बाहेर पडायचं, झोक्याला लटकायचं, आणि पडायचं. पडायचं म्हणजे खरंच पडायचं, दिवसभर. शिकवणारे हवाई दलाचे, त्यांना पीजेआय म्हणतात. विमान साडेबाराशे फुटांवर आलं, दार उघडं, आत इतका आवाज की शेजारच्याचं बोलणं ओठांवरून ओळखायचं. लाल दिवा, मग हिरवा. माझ्या पुढं सहा जण होते आणि मागून रेटा. विचार करायला वेळच नाही, आणि ते बरंच असतं. दारातून बाहेर पडल्यावर वाऱ्याचा तडाखा बसला, हजार-दोन हजार असं मोजत होतो, तीनवर खांदे वर ओढले गेले आणि एकदम शांत झालं. ती शांतता मला अजून आठवते. इतक्या आवाजानंतर खाली कुठंतरी कुत्रं भुंकलेलं ऐकू आलं.

तेव्हा पहिलं काम वर बघायचं. छत्री पूर्ण गोल आहे का, कुठं फाटलीय का, दोरे पिळलेत का. माझ्या दुसऱ्या उडीला दोरे पिळले होते, दोरीचा झोपाळा पिळतो ना, तसे. घाबरायचं नाही, पट्टे दोन्ही हातांनी फाकवायचे आणि सायकल मारल्यासारखे पाय झाडायचे, आपण गोल फिरत उलगडतो. छत्री भरलेलीच नसेल तर छातीवर दुसरी लहान छत्री असते, रिझर्व्ह. तिची कळ मात्र हातानं ओढायची. मला ती कधी ओढावी लागली नाही.

आता झुलण्याचं. तुमच्या पिशवीला वरती मधोमध भोक आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही म्हणजे नसणार. छत्रीच्या पोटात हवा कोंडते. तिला बाहेर जायला काठाशिवाय वाट नसते. ती एका बाजूच्या काठाखालून निसटते, छत्री उलट बाजूला ढकलली जाते, मग तिकडून निसटते. हाच तुमचा लंबक. २२ ऑक्टोबर १७९७ ला पॅरिसमध्ये गार्नरँ नावाच्या माणसानं फुग्यातून रेशमी छत्रीनं उडी घेतली होती, हजारेक मीटरवरून. तिला भोक नव्हतं. तो जिवंत उतरला पण टोपलीत इतके हेलकावे खाल्ले की बघणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. पुढं छत्र्यांना टोकाला भोक ठेवायला लागले. त्यातून थोडी हवा सरळ वर जाते आणि छत्री ताळ्यावर राहते. तुमच्या ४५ सेंटिमीटरला ४ सेंटिमीटरचं भोक पाडून बघा, कैचीनं नीट गोल.

आणखी दोन कारणं. पिशवीच्या प्लॅस्टिकमधून हवा अजिबात जात नाही. आमचं नायलॉन थोडं श्वास घेतं, त्यामुळं कमी झुलतं. आणि तुमचे दोरे आखूड आहेत. दोरे छत्रीच्या व्यासाएवढे तरी हवेत. आखूड असले की छत्रीचं तोंड आत ओढलं जातं. ३० चे ४५ ते ५० करा, आणि आठही अगदी सारखे. एक जरी बोटभर लांब राहिला तरी छत्री त्या बाजूला सरकत जाईल आणि तुमचा गुलमोहर परत भेटेल.

खाली येताना माणूस काय सांभाळतो, हा तिसरा प्रश्न. साडेबाराशे फुटांवरून हवेत जेमतेम एक मिनिट असतो. एवढ्यात वारा कुठून आहे ते बघायचं आणि पट्टे ओढून थोडं सरकायचं. गोल छत्रीला फारसं वळवता येत नाही. सगळ्यात जास्त लक्ष शेजाऱ्यावर. तुमची छत्री दुसऱ्याच्या बरोबर वर आली तर खालची छत्री तुमची हवा खाते. खालच्या छत्रीमागं हवा उसवलेली असते, तुमची त्यात शिरली की ढिली पडते आणि तुम्ही त्याच्यापुढं खाली जाता. मग तुम्ही खाली, तो वर, आणि त्याची ढिली पडते. म्हणून एकमेकांना ओरडून बाजूला व्हायला सांगायचं. हे आम्हाला घोकून घोकून शिकवलेलं.

मग जमीन. सर म्हणाले तसा सेकंदाला सहा मीटर वेग, म्हणजे पुरुषभर उंचीच्या भिंतीवरून उडी टाकावी तेवढा दणका. पाय घट्ट जुळवलेले, गुडघे किंचित वाकलेले, हनुवटी छातीला. पाय टेकले की उभं राहायचा हट्ट करायचा नाही. कुशीवर लोळायचं: तळवे, पोटरी, मांडी, ढुंगण, मग पाठीची बाजू. दणका एका हाडावर न बसता अंगभर वाटला जातो. रात्रीच्या उडीत जमीन दिसतच नाही. नवशिका पाय लांब करून जमीन चाचपायला जातो आणि घोटा मोडून घेतो. पाय जुळवून नुसतं थांबायचं, ती येतेच.

आणि उतरल्यावरही काम संपत नाही. माझ्या तिसऱ्या उडीला वारा वाढला. मी उतरलो, छत्री मात्र परत शिडासारखी फुगली आणि मला नांगरटीतून पन्नासेक पावलं ओढत घेऊन गेली. दोन्ही कोपरं सोलली. अशा वेळी उठून छत्रीच्या पुढं पळत जायचं, म्हणजे ती मिटते.

वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी सांगितलेलं खरं आहे. ११ डिसेंबर १९७१, टांगाईल, आताच्या बांगलादेशात. २ पॅरा, ही मूळची मराठा पलटण, सुमारे सातशे माणसं संध्याकाळच्या आत पुंगलीच्या पुलाजवळ उतरवली. उत्तरेकडून ढाक्याकडं मागं हटणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट तोडायची होती. विमानं वेगवेगळ्या जातीची, त्यात जुनी डकोटाही. गाड्या आणि तोफासुद्धा छत्र्यांनी टाकलेल्या. तिथल्या गावकऱ्यांनी पळत येऊन सामान वाहायला हात दिला. पाच दिवसांनी ढाक्यात पहिल्यांदा शिरलेल्या पलटणींत तीच होती. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत त्या पलटणीचा माणूस सापडतो.

रानजाई (नाशिक)

काका, तुमचं लिहिलेलं लेकीने दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्याने आजोबांना वाचून दाखवलं. टांगाईलचं आलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, फक्त मान हलवत होते.

तुमचा अंदाज बरोबर निघाला. वहीत नव्हतं, पण तिला आठवलं की न उघडलेल्या चारही वेळा तिने पिशवी गुंडाळून फेकली होती. काल सगळं नव्याने केलं. ४ सेंटिमीटरचं भोक, दोरे ४८ सेंटिमीटरचे, आठही पट्टीवर मोजून. घडी म्हणजे आठ पाकळ्या एकावर एक, दोरे बोटावर नागमोडी. दहापैकी नऊ वेळा उघडलं. वेळ थोडी कमी झाली, सरासरी ३.८ सेकंद, पण झुलणं जवळजवळ गेलं. जे उघडलं नाही त्यात एक दोरा रिळाखाली अडकला होता, तेही लिहून ठेवलंय. आणि तिने एक कार्ड केलंय, तारीख, घडी कोणी घातली, सही. बाबांनी घातलेल्या घडीवर बाबांची सही घेते.

तिला आता नवा प्रश्न पडलाय: काकांबरोबर मुली होत्या का?

खडकीचा सॅपर

माझ्या तुकडीत नव्हत्या. पण तिला सांगा, हवाई दलातल्या डॉक्टर गीता चंदा यांनी १९५९ सालीच आग्र्याला उड्या पूर्ण केल्या, भारतातल्या पहिल्या महिला पॅराट्रूपर. आणि आपल्या फौजेत अगदी पहिली उडी घेणाऱ्यांतही एक डॉक्टरच, लेफ्टनंट रंगराज, १५ ऑक्टोबर १९४१. पुढं कोरियाच्या युद्धात त्यांनी पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्स, म्हणजे डॉक्टरांची अख्खी तुकडी, नेली आणि त्यांना महावीरचक्र मिळालं. जखमी माणूस जिथं पडतो तिथं डॉक्टरलाही छत्रीनंच जावं लागतं.

पवनाकाठ

थोडी भर. आमच्या कामशेतकडे लोक पॅराग्लायडिंगला येतात आणि त्यालाच पॅराशूट म्हणतात. मुलीने हा फरक जरूर सांगावा. पॅराग्लायडर जमिनीवर आधी उघडून, भरून, मग डोंगरउतारावरून धावत उडायचं असतं. ते पंख आहे, वर चढणारी गरम हवा मिळाली की ते वर जातं, तासन् तास. आमच्या बसायच्या खोगिरात मात्र एक छोटं, बहुधा गोल पॅराशूट घडी करून ठेवलेलं असतं, पंख मिटला तर हाताने बाहेर फेकायला.

हौशी उड्या मारणारे जी चौकोनी छत्री वापरतात ती दोन्हींच्या मधली. तिच्यात पुढून हवा शिरते आणि कप्पे फुगतात, त्यामुळे तिला विमानाच्या पंखासारखा आकार येतो. ही कल्पना १९६० च्या दशकात डोमिना जॅल्बर्ट यांची. ती पुढे सरकते, वळते, आणि जमिनीजवळ दोन्ही कळा एकदम खाली ओढल्या की वेग मरतो आणि माणूस चालत उतरल्यासारखा उतरतो. तिच्या दोऱ्यांवर कापडाचा एक छोटा चौकोन असतो, तो दोऱ्यांवरून हळूहळू खाली घसरतो म्हणून छत्री एकदम न उघडता सावकाश उघडते. काकांनी सांगितलेल्या हिसक्यावरचा हा उपाय.

दुपारची चहा

मला कायम पडणारा प्रश्न विचारते. विमानात सीटखाली लाइफ जॅकेट असतं, मग पॅराशूट का देत नाहीत? इतके अपघात ऐकतो, जीव कळवळतो.

खडकीचा सॅपर

ताई, हा प्रश्न मला गावात दर लग्नात विचारतात. आम्हाला सोडताना विमान मुद्दाम खाली आणि हळू आणतात, ताशी अडीचशे किलोमीटरच्या आत-बाहेर. प्रवासी विमान १० ते ११ किलोमीटर उंचीवर ताशी साडेआठशे-नऊशेनं जातं. बाहेर उणे पन्नास अंश, आणि हवा इतकी विरळ की मिनिटभरही शुद्ध राहणं कठीण. आत हवेचा दाब जास्त असल्यानं त्या उंचीवर दार उघडतच नाही. दार उघडलं असं धरलं तरी म्हाताऱ्या माणसाला, कडेवर बाळ असलेल्या बाईला पट्टे कोण बांधणार? आम्ही तरणी पोरं, आठवड्यांची तालीम, तरी विमानात एकमेकांची छत्री तपासायला किती वेळ जायचा. आणि बरेचसे अपघात चढताना-उतरताना होतात, तिथं छत्री उघडायला उंचीच नसते.

काही लहान विमानांत मात्र अख्ख्या विमानाला छत्री लावलेली असते. सिरस नावाची विमानं अशी येतात, पायलटनं मुठीची कळ ओढली की छोट्या रॉकेटनं छत्री बाहेर पडते आणि सगळं विमान तिला लटकून खाली येतं.

भौतिकवाला

आणि अख्खं यान लटकतं तेही सांगायला हवं. २४ ऑगस्ट २०२५ ला इस्रोने श्रीहरिकोट्याजवळ गगनयानच्या कुपीची, म्हणजे अंतराळवीर ज्यात बसणार त्या भागाची, चाचणी घेतली. जवळपास पाच टनांची कुपी चिनूक हेलिकॉप्टरने तीन किलोमीटर वर नेऊन सोडली. तिच्यात एकूण दहा पॅराशूट, चार प्रकारची. आधी वरचं झाकण ओढून काढणारी दोन, मग वेग मारून कुपी सरळ ठेवणारी दोन, मग तीन छोटी जी मोठ्यांना बाहेर खेचतात, आणि शेवटी २५ मीटर व्यासाची तीन मोठी. काकांनी सांगितलेला क्रम इथेही आहे: एकाने दुसऱ्याला बाहेर काढायचं, घाई नाही. तिनांपैकी दोन उघडली तरी माणसं सुखरूप उतरावीत असा हिशोब धरलेला असतो. अपोलो १५ परत येताना ऑगस्ट १९७१ मध्ये नेमकं हेच झालं, तिनांतलं एक मिटलं आणि अंतराळवीर उरलेल्या दोनांवर समुद्रात उतरले. गगनयानची पॅराशूट करण्यात डीआरडीओची, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेची, आग्र्याची प्रयोगशाळा आहे, म्हणजे परत आग्राच.

रानजाई (नाशिक)

लेकीने तिनांचं ऐकून लगेच तीन पिशव्या कापायला घेतल्यात. शनिवारी काय होतं ते कळवते. काका, प्रदर्शनासाठी काही शेवटची सूचना?

खडकीचा सॅपर

आदल्या रात्री घडी घालून ठेवू नका. प्लॅस्टिक दबून एकमेकांना चिकटतं, घामाच्या हाताचं तर जास्तच. शाळेत पोचल्यावर उलगडा, एकदा झटका, मग घडी. पिशवी उन्हात वाळत घालू नका. खऱ्या छत्र्याही आम्ही उन्हापासून जपायचो, नायलॉन उन्हानं कुजतं. ओली झाली तर उंच खोलीत टांगून वाळवायची. दर उडीआधी आठ दोरे रिळापासून काठापर्यंत बोटांत धरून एकदा वर न्या, पीळ असेल तर हाताला कळतो. तीन छत्र्यांचं करणार असाल तर तिन्हींचे दोरे एका गाठीत बांधू नका, रिळाला तीन वेगळ्या ठिकाणी बांधा, नाहीतर त्या एकमेकींची हवा खातील. आणि कुठून सोडणार ती जागा आधी बघून घ्या. पंख्याखाली नको.